प्रयोंगदादाच्या सहा कुंड्या

प्रयोंगदादाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझे अश्रू तपासायला आला होता.

मी तेव्हा थायलंडातल्या लिके या लोकनाट्याच्या एका मंडळीत नायिकेची कामं करायचे. सुफन बुरीकडच्या देवळांच्या जत्रांतून आमचा मंच उभा राहायचा. एका प्रवेशात राजकुमार मला रानात सोडून जाई आणि मी डोळ्यांना पदर न लावता रडत असे. समोरच्या चटयांवरच्या बाया हुंदके द्यायच्या. त्या दिवशी खेळ संपला, मी मुकुट उतरवत होते, तर पडद्याआडून एक काटकुळा तरुण आत आला. हातात फुलांची माळ नाही, तोंडात कौतुक नाही.

"ते पाणी डोळ्यांतलं होतं की बाटलीतलं?" त्याने विचारलं.

"डोळ्यांतलं."

"मग दोन्ही डोळ्यांतून एकदम कसं आलं? माणसाला एका डोळ्यातून आधी येतं."

त्याने माझ्या गालाजवळ नाक आणलं, हुंगलं, आणि म्हणाला, "बाम." मग समाधानाने निघून गेला. बाहेर त्याची वाट बघत एक मुलगी उभी होती. तिला बामचं सांगूनसुद्धा ती रडतच होती. ती लामदुआन. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

पुढे मंडळी मोडली, मी याच गावात घर केलं, आणि हा माणूस माझा तिसऱ्या घराचा शेजारी झाला. एकतीस वर्षं त्याने साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर काम केलं. साखर निघून गेल्यावर खाली जो काळा, दाट, कडवट गोड रस उरतो, त्याचा तो राखणदार. टँकरवाले त्यात पाणी मिसळायचे, मुकादम माप चुकवायचे. यंत्रं काही म्हणोत, प्रयोंगदादा बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, "यात विहिरीचं पाणी आहे. आणि विहीर खारट आहे." तो बहुधा बरोबर असे, हीच त्याची पंचाईत झाली. जो माणूस इतके वेळा बरोबर ठरतो त्याला पुढे कुणाचंच खरं वाटेनासं होतं. भाजीवाली जुडी देताना हसली तरी तो जुडी सोडून आतली पानं बघायचा.

दोन वर्षांपूर्वी लामदुआनला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. जीभ मात्र पूर्वीपेक्षा धारदार झाली. तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. तिची झोप गेली. दिवसा नाही, रात्री नाही. पडवीतल्या बांबूच्या बाजेवर ती उघड्या डोळ्यांनी पडलेली असायची. डोळ्यांखाली जांभळं झालं, जेवण सुटलं, हातात भाताचा चमचा धरल्या धरल्या तिला रडू यायचं. इस्पितळाच्या गोळ्यांनी तोल जायचा आणि ती पडायची.

देवळामागचे वैद्य फिन झोपेचं चूर्ण करतात. त्यात गांजाचं पान लागतं. सरकारने तेव्हा घरी झाडं लावायला मोकळीक दिली होती, मोबाईलवर नाव नोंदवलं की झालं. वैद्यांची अट एवढीच की पान रोग्याच्या घरचं हवं आणि त्या झाडाने जन्मात बाजारचं खत खाल्लेलं नसावं. "पानात जे जातं ते तिच्या पोटात जातं," ते म्हणाले. "पान घेऊन या त्या दिवशी गुरूंसमोर हात ठेवून सांगायचं, काय काय घातलं. खोटं सांगितलंत तर ते तुमच्यात आणि त्यांच्यात."

प्रयोंगदादाने सहा कुंड्या मांडल्या. पडवीला लागून एका ओळीत, त्यांवर पांढऱ्या रंगाने एक ते सहा आकडे. तीन बाजूंनी कोंबड्यांची जाळी, जाळीला दार, दाराला कुलूप, किल्ली त्याच्या गळ्यात बुद्धाच्या ताईताशेजारी. चौथ्या बाजूला पडवीचा लाकडी कठडा होता. तिथे जाळी लावली नाही, कारण ते घरच.

आणि त्याच्या हातात मळी परत आली. मागच्या अंगणात तीन निळी पिंपं उभी राहिली. एकात माशांची आतडी आणि मळी, एकात केळीचा गाभा आणि मळी, तिसऱ्यात पिकल्या पपया, अंडी आणि मळी. महिनाभर आंबू द्यायचं, मग बादलीभर पाण्यात दोन झाकणं. झाड वाढतं आहे तोवर मासे, फुलायला लागलं की पपई, शेवटी नुसती मळी, तीही चमचाभर. का, ते तो सांगत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तुला कशाला हवंय? तू कुठे लावणार आहेस?"

मळी आणि झाकणबंद पिंपं म्हटल्यावर गावाला काय वाटणार? महिन्याभरात अबकारी खात्याचा एक साहेब मोटारसायकलवरून आला. कुलपामागची सहा झाडं त्याने बघितलीसुद्धा नाहीत.

"काका, दारू कुठे आहे?"

"मागे. चला, दाखवतो." प्रयोंगदादाने त्याला पहिल्या पिंपाशी नेलं आणि स्वतः झाकण उघडलं. महिनाभर आंबलेली माशांची आतडी. साहेब कुंपणापर्यंत मागे गेला. "घ्या की," दादा पळी पुढे करून म्हणाला, "ताजी नाही, पण मुरलेली आहे."

साहेब गेला. प्रयोंगदादा मात्र तीन दिवस एकच विचारत फिरला, चुगली कुणी केली. त्याचं बोट शेजारच्या चलावकडे होतं. चलाव भातशेतीवाला, गडी मोकळा, कुंपणावर कोपर टेकवून दिवसभर गप्पा मारणारा. त्याच्या गोठ्यात युरियाची पोती रचलेली असत.

"मी कशाला सांगू?" चलाव मला म्हणाला. "दारू असती तर मी पहिला गिऱ्हाईक. आपल्याच दुकानाची कोण चुगली करतं?"

पावसाळा सरला. झाडं कमरेच्या वर गेली, शेंड्यांवर फुलांचे गुच्छ बसले, आणि खालची पानं पिवळी पडू लागली. आधी कडा, मग पानंच्या पानं. मी रोज दुपारी लामदुआनचा हात चोळून द्यायला जायचे. ती बाजेवरून त्या पानांकडे बघत असायची.

"प्रयोंग," चलाव कुंपणावरून ओरडला, "झाडं उपाशी मरतायत रे. मूठभर युरिया टाक, तीन दिवसांत हिरवीगार होतील."

"तुझी मूठ तुझ्या खिशात ठेव," प्रयोंगदादा म्हणाला. "माझ्या जाळीत आली तर कापून देईन."

त्यानंतर दहा दिवसांनी, पान काढायला जेमतेम आठवडा उरला असताना, त्याने मला हाक मारली. आवाज असा की मला वाटलं लामदुआन गेली.

"नायिका, इकडे ये. हे बघ."

एक आणि दोन नंबरच्या कुंड्या. बाकीची चार झाडं पिवळसर, थकलेली, पण शांत दिसत होती. ही दोन काळपट हिरवी झाली होती, तकाकी आल्यासारखी, आणि पानांची टोकं पक्ष्याच्या नखांसारखी खाली वळली होती. त्याने पहिल्या कुंडीच्या कडेची माती उकरली. दोन पांढरे दाणे. एक त्याने जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"गार," तो म्हणाला. "मिठासारखं आणि गार. युरिया."

तो तिथेच मातीत बसला. "झाड म्हातारं होतं तेव्हा पिवळं पडतं. अंगातलं होतं नव्हतं ते फुलांना देऊन टाकतं. मी मासे थांबवले ते त्याचसाठी. आणि कुणीतरी त्याला पुन्हा जेवायला बसवलंय." मग त्याने मान वर केली. "दोनांत गेलं म्हटल्यावर वैद्य बाकीचीही घेणार नाही. तिची झोप गेली, नायिका. पुन्हा बी लावायचं, पुन्हा चार महिने."

पडवीत लामदुआन जागीच होती.

कुलूप जसंच्या तसं होतं. जाळी कुठे कापलेली नव्हती. त्या संध्याकाळी त्याने चुलीतली राख चाळून सगळ्या कुंड्यांभोवती पसरली, जाळीच्या दाराला केसाएवढा दोरा बांधला. सकाळी राखेत एका सरड्याचा माग. दोरा शाबूत. आणि दोन नंबरच्या कुंडीत तीन नवे दाणे.

मंचावर आम्ही माणसं वरून उतरवायचो, दोर लावून. मी ते गमतीत म्हटलं. त्याने खरंच आढं तपासलं. मग माझ्याकडे वळला.

"काल तू पडवीत किती वेळ होतीस?"

"रोजच्याइतकाच. दादा, चाळीस वर्षं मला ओळखतोस."

"चाळीस वर्षांपूर्वी तुझ्या गालावर बाम होता."

मला राग यायला हवा होता. पण त्याची दाढी तीन दिवसांची वाढली होती. तो सगळ्या गावाकडे तसाच बघत होता. चलावच्या बायकोने हिरव्या फणसाचं कालवण पाठवलं, ते मांजरापुढे ठेवून तो आधी मांजराकडे बघत बसला. मांजराने खाल्लं, अंग चाटलं आणि झोपलं. तरी त्याने ते खाल्लं नाही.

पानं द्यायचा गुरुवार उद्यावर आला. बुधवारी दुपारी तो कोळसा आणायला गेला होता. मी लामदुआनजवळ बसले. माझ्या विड्याला चुना नव्हता, म्हणून मी तिच्या उशाशी असलेली तिची जुनी पितळी पानपेटी ओढली. झटका आल्यापासून ती पान खात नव्हती. न बघताच चुन्याच्या डबीत बोट घातलं, विड्याला लावलं, तोंडात टाकलं.

जीभ गार पडली.

मी डबीत पाहिलं. आमच्याकडे चुना गुलाबी असतो, तिच्या डबीत पांढरे गोल दाणे होते. मी पान थुंकलं, पाणी प्यायले, आणि मग कठड्याकडे पाहिलं. बाजेवर बसून उजवा हात बाहेर काढला तर पहिल्या कुंडीत सहज पोचत होता. दुसरीत जरा वाकून. तिसरी हाताबाहेर.

लामदुआन माझ्याकडे बघत होती. "थुंकलीस ते बरं केलंस," ती म्हणाली.

"कुठून आणलंस हे?"

"चलावकडून मागितलं. म्हटलं, माझ्या मिरचीला हवंय." बाजेच्या पायाशी तिचं मिरचीचं रोप होतं, मरतुकडं, त्याला एक दाणाही मिळाला नव्हता.

"का गं?"

"का म्हणजे? वीस वर्षांची असल्यापासून भात लावत आले. पिवळं म्हणजे भुकेलं. तो सकाळपासून त्यांच्यापुढे बसतो आणि त्यांना काळं पाणी पाजतो चमचाभर. मला वाटलं, म्हातारा मायेने मारतोय झाडांना, आणि मेली की मग स्वतः मरेल." ती थांबली. "त्या दिवशी तो मातीत बसून तुला सांगत होता ते मी ऐकलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? आणि त्यानंतर पुन्हा दाणे टाकलेस ते?"

"टाकले नाहीत. जे पडले होते ते उचलायला गेले, तर हातातली डबीच कलंडली. एका हाताने काय काय करायचं?"

मी म्हटलं, सांग त्याला. ती म्हणाली, सांगते. तेवढ्यात फाटक वाजलं.

प्रयोंगदादा नुसता कोळसा घेऊन आला नव्हता. त्याच्या दुसऱ्या हातात खडेमिठाची पुडी होती. मी त्याच क्षणी ओळखलं, आणि लामदुआननेही. मिरची-मीठ जाळून शाप द्यायचा. ज्याने वाईट केलं त्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं, धूर त्याला शोधून काढतो असं आमच्याकडे मानतात. ज्याच्यासाठी जाळलं तो येऊन समोर उभा राहिलेला मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही, पण पाहिल्याचं सांगणारे पुष्कळ.

"दादा, हे नको," मी म्हटलं.

"तुला का भीती वाटते?"

पुढे बोलले असते तर मीच चोर ठरले असते. मी लामदुआनकडे पाहिलं. ती कठड्याकडे तोंड करून बसली होती.

त्याने मातीच्या शेगडीत निखारे फुलवले, अंगणात, चलावच्या कुंपणाकडे तोंड करून. चलाव आपल्या अंगणात जाळं विणत होता, त्याचा हात थांबला.

"दुआन, मिरच्या दे. सात. तुझ्या रोपाच्या, घरच्या हव्यात."

तिने उजव्या हाताने एकेक मिरची तोडली. सात मोजून बाजेवर ठेवल्या. त्याने त्या मिठाबरोबर निखाऱ्यावर टाकल्या, आणि धूर उठला, असा की कोंबड्या पळाल्या. डोळे पुसत, खोकत, तो मोठ्याने बोलू लागला.

"ज्या कुणी माझ्या कुंडीत हात घातला, माझ्या बायकोची झोप चोरली, त्याचा तो हात लुळा पडो—"

"कुठला हात?" लामदुआन म्हणाली. "डावा तर आधीच गेलाय. उजवा म्हण."

खोकला सगळ्यांनाच येत होता, त्यामुळे क्षणभर कळलं नाही की तो थांबलाय. मग त्याने शेगडीवर बादलीतलं पाणी ओतलं, सगळंच्या सगळं. झाडांसाठी कालवलेलं मळीचं पाणी होतं ते. मिरचीचा वास आणि मळीचा गोड जळका वास एक झाला.

तो पडवीशी आला. तिने डबी पुढे केली आणि म्हणाली, "दोनांतच टाकलाय." त्याने आत बघितलं. जिभेला लावलं नाही.

"मला विचारायचंस," तो म्हणाला.

"तू सांगायचंस. जाळी लावलीस, कुलूप लावलंस, किल्ली गळ्यात. माझ्याच झोपेची झाडं आणि मला ठाऊक नाही ती मरतायत की पिकतायत."

"पिकत होती."

"आता सांगतोयस."

कुंपणावरून चलावचं डोकं वर आलं. डोळे लाल, नाक वाहतंय. "माझं काम झालं असेल तर मी जेवायला जाऊ का?" त्याने विचारलं. प्रयोंगदादाने त्याच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता माफी मागेल. तो म्हणाला, "युरिया मिरचीला देतात का कधी इतका? तुला कळायला हवं होतं." चलावने हात जोडले आणि आत गेला.

गुरुवारी सकाळी त्याने सहाही कुंड्यांची पानं वेगवेगळ्या टोपल्यांत काढली, प्रत्येकीवर आकडा. मोटारसायकलच्या जोडगाडीत लामदुआनला उशांवर बसवलं, टोपल्या तिच्या पायाशी. मला म्हणाला, "तू तिला धर." म्हणून मीही बसले.

वैद्य फिन यांच्याकडे गुरूंच्या चौरंगावर ऋषींचा सोनेरी मुखवटा आहे. आम्हा नाटकवाल्यांच्या घरातही तोच ऋषी असतो, त्याच्यासमोर खोटं बोलायला मी कधी धजले नाही, मंचावर आयुष्यभर खोटं बोलूनसुद्धा. लामदुआन बाहेर गाडीतच राहिली. प्रयोंगदादाने टोपल्या मांडल्या.

"चार स्वच्छ आहेत," तो म्हणाला. "मळी, मासे, केळ, पपई, अंडी. एक आणि दोनमध्ये युरिया गेला."

"कुणी घातला?"

"माझ्या घरातून."

वैद्यांनी एक आणि दोनच्या टोपल्या बाजूला सारल्या. मग बाकीच्या चारांकडे बघत राहिले. तीन नंबरचं पान त्यांनी उजेडात धरलं, मोडलं, हुंगलं.

"पिवळी आहेत, हे चांगलं लक्षण. पण दोनांत गेला तर तिसरीत गेला नसेल कशावरून? तुम्ही पाहत होतात?"

"नाही."

"राखण होती?"

"राख होती. कुलूप होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

मी मागे बसले होते. मला माहीत होतं काय सांगता येईल. हात पोचत नाही, हे सांगता आलं असतं. काठी लावून मोजता आलं असतं. या माणसाने आयुष्यभर तेच केलं होतं. त्याने दाराबाहेर गाडीकडे पाहिलं. मानेवर घाम आला होता.

"तिने सांगितलं, दोनच," तो म्हणाला.

"आणि तुम्ही तेवढ्यावर हात ठेवणार?"

प्रयोंगदादाने मुखवट्यापुढे तीनदा डोकं टेकवलं, चौरंगावर उजवा हात ठेवला आणि म्हणाला, "चार कुंड्यांत बाजारचं काही गेलेलं नाही. माझी बायको तसं म्हणते. खोटं निघालं तर माझ्यावर."

वैद्यांनी चार टोपल्या आत नेल्या. चूर्ण बारा दिवसांनी मिळेल म्हणाले. थोडं कमी होईल, पण पुढचं पीक येईपर्यंत जपून वापरलं तर पुरेल.

परतताना दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते. गाडी हळू चालली होती, लामदुआनच्या पाठीला धक्के बसू नयेत म्हणून. माझा हात तिच्या खांद्याभोवती होता.

"काय सांगितलंस आत?" तिने विचारलं.

"तू दोन म्हणालीस, असं सांगितलं."

"हात ठेवून?"

"हात ठेवून."

तिने पाठीमागची उशी सरळ केली. "आणि मी तिसरीतही टाकला असता तर?"

त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला चांगली ठाऊक होती, तीच, मळीत बोट बुडवणारी.

"टाकलास?"

लामदुआनने उसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. घाई केली नाही तिने.

"नाही," ती म्हणाली.

तो आणखी क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग पुढे वळला, इंजिनाला लाथ मारली, आणि गाडी चालू झाली.